नाथ पैंचे एक भाषण पूर्ण वाचा : सीमाभागातील वाचनालये, संमेलने आणि मराठी शाळांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मराठी वाचनालयांचे पदाधिकारी, ग्रामीण साहित्य संमेलनांचे आयोजक, युवक मंडळांचे कार्यकर्ते आणि मराठी शाळांचे मुख्याध्यापक व शिक्षक यांस

सप्रेम नमस्कार.

१८ जानेवारी हा बॅरिस्टर नाथ पै यांचा स्मृतिदिन. १९७१ साली याच दिवशी ते गेले, आणि गेले ते आपल्या बेळगावात. माझी आपणा सर्वांकडे एकच मागणी आहे. या दिवशी आपापल्या गावात, वाचनालयात, शाळेत त्यांचे लोकसभेतले एक तरी भाषण मराठीत, मोठ्याने, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत वाचले जावे. प्रतिमेला हार घालावा, समई लावावी, ते सगळे हवेच. पण भाषण वाचल्याशिवाय कार्यक्रम संपू नये.

ही मागणी का करते आहे ते सविस्तर लिहिते. पत्र लांबेल, पण शेवटपर्यंत वाचावे अशी विनंती आहे.

१७ जानेवारी आपण सगळेच पाळतो. १९५६ च्या जानेवारीत बेळगाव म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक, राज्यात घालण्याच्या निर्णयाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसे गेली. तेव्हापासून दर वर्षी सकाळी हुतात्मा चौकात गर्दी होते. खेड्यापाड्यांतून माणसे येतात, फुले वाहतात, घोषणा होतात, पोलिसांचा बंदोबस्त असतो, दुपारपर्यंत सगळे पांगतात. दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, आपल्यापैकी बहुतेकांच्या दिनदर्शिकेत काहीच नसते. आणि या दोन तारखा तर एकमेकींना बांधलेल्या आहेत. १९७१ च्या १७ जानेवारीला नाथ पै हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठीच बेळगावात आले होते. प्रकृती साथ देत नव्हती, हृदयाचे दुखणे होते, तरी आले. सभेत बोलले. ते त्यांचे शेवटचे भाषण ठरले. वय होते अठ्ठेचाळीस.

माझे वडील शहापूरचे विणकर. शाळा त्यांनी चौथीतच सोडली होती. नाथ पैंचे नाव निघाले की ते एकच गोष्ट सांगत : विलायतेत शिकलेला माणूस, पण बोलला की सगळे कळायचे, आणि कळले की आपण जरा शहाणे झालो असे वाटायचे. भाषण कसे झाले हे सांगताना ‘जोरदार झाले’ किंवा ‘टाळ्या पडल्या’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ वक्ते ऐकले, त्यांची तारीफही पुष्कळ ऐकली. ऐकणाऱ्याला शहाणे झाल्यासारखे वाटले, ही दाद मात्र फार थोड्यांना मिळताना पाहिली.

ज्यांना नाथ पै फक्त शहापूरच्या चौकाच्या नावातून माहीत आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर्गात विचारले तर मुले तो चौक, तिथली दुकाने, तिथून फुटणारे रस्ते बिनचूक सांगतात. माणसाबद्दल विचारले की गप्प होतात. दोष मुलांचा नाही, कोणी सांगितलेलेच नाही.

नाथ बापू पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. शिक्षण बेळगावात झाले. आंबोलीचा घाट चढून वेंगुर्ल्याहून बेळगावला येणारा तो रस्ता त्या काळी बंदराचा माल घाटावर आणणारा रस्ता होता, आणि मालाबरोबर शिकणारी मुलेही त्याच वाटेने इकडे येत. १९४२ च्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास सोसला. पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. युरोपात असताना आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. त्यांच्या पत्नी क्रिस्टल या मूळच्या ऑस्ट्रियाच्या. तिकडे राहून सुखाने वकिली करता आली असती. ते परत आले आणि १९५७ च्या निवडणुकीत राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. तेव्हा वय चौतीस. १९६२ ला पुन्हा, १९६७ ला पुन्हा. पक्ष कोणता? प्रजा समाजवादी पक्ष, ज्याचे १९६७ च्या लोकसभेत अवघे तेरा खासदार होते.

इथे थोडे थांबते. राजापूर कोकणात. बेळगाव म्हैसूर राज्यात. म्हणजे बेळगावच्या एकाही मतदाराला नाथ पैंना मत देता येत नव्हते. आपण त्यांना कधी निवडून दिले नाही, देऊच शकलो नाही. तरी सीमाभागातल्या मराठी माणसाचे गाऱ्हाणे लोकसभेत मांडायचे तर त्या माणसाकडे डोळे लागत. ज्यांच्याकडून एक मतही मिळणार नाही अशा लोकांसाठी त्यांनी आपला वेळ, आपली जीभ आणि शेवटी तर आपली प्रकृतीही खर्ची घातली. नाथ पैंना राष्ट्रीय नेता म्हणायचे ते दिल्लीत बसत होते म्हणून नव्हे. आपल्या मतदारसंघाची शीव ही आपल्या जबाबदारीची शीव नव्हे, हे त्यांनी वागून दाखवले, म्हणून.

कोकणासाठी काय केले तेही सांगायला हवे, कारण त्यातून त्यांची चिकाटी दिसते. कोकण रेल्वेची मागणी त्यांनी लोकसभेत लावून धरली. त्या वेळी ती अनेकांना स्वप्नरंजन वाटे. ते गेल्यावर त्याच राजापूरमधून मधू दंडवते निवडून आले आणि त्यांनी ती मागणी पुढे नेली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभे राहिले, १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाला. मागणी करणाऱ्याला गाडी पाहायला मिळाली नाही. आज सावंतवाडीहून मुंबईला किंवा मडगावला जाणारे आपले नातेवाईक त्या गाडीत बसतात.

आता मुख्य गोष्टीकडे येते. नाथ पैंचे जे काम सगळ्या देशाच्या इतिहासात नोंदले गेले, त्याबद्दल आपल्या भागात जवळपास काहीच बोलले जात नाही. ते काम म्हणजे ‘नाथ पै विधेयक’.

२७ फेब्रुवारी १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. पंजाबातल्या जालंधरच्या एका कुटुंबाकडे पाचशे एकरांहून जास्त जमीन होती. जमीन धारणेच्या कायद्याने त्यातली बरीच जाणार होती. कुटुंब न्यायालयात गेले. अकरा न्यायाधीश बसले, आणि सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निकाल लागला : यापुढे संसदेला घटनादुरुस्ती करूनसुद्धा मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही. त्या वेळी मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतच होता. आधी झालेल्या दुरुस्त्या न्यायालयाने मोडल्या नाहीत, पण पुढची वाट बंद केली.

शेतकऱ्याच्या घरातला वाचक इथे लगेच विचारील, मग कूळकायद्याचे काय? प्रश्न अगदी रास्त आहे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे १९४८ चा मुंबईचा कूळकायदा इथेही लागू होता. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत आज जो सातबारा किंवा उतारा आहे, तो ‘कसेल त्याची जमीन’ या एका वाक्यामुळे आहे. जमिनीचे असे कायदे पुढेही करायचे असतील तर संसदेचे हात मोकळे हवेत, असे नाथ पैंना वाटले. आणि त्यांच्या दृष्टीने प्रश्न जमिनीपुरता नव्हताच. घटना ही लोकांनी स्वतःला दिलेली आहे, मग ती बदलण्याचा शेवटचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचा की न्यायपीठाचा, हा त्यांचा प्रश्न होता.

निकालाला दीड महिना होण्याच्या आत, ७ एप्रिल १९६७ ला, त्यांनी लोकसभेत घटनादुरुस्ती विधेयक मांडले. कलम ३६८ मध्ये बदल करून संसदेला घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत द्यावा, असे ते विधेयक. विरोधी बाकावरचा, तेरा खासदारांच्या पक्षातला एक सदस्य हे करतो आहे, हे ध्यानात घ्या. मंत्र्याशिवाय इतर सदस्याने मांडलेले विधेयक म्हणजे खासगी विधेयक. त्यासाठी लोकसभेत शुक्रवारी दुपारनंतरचे अडीच तास असतात. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त १४ विधेयके कायदा होऊ शकली आणि शेवटचे १९७० मध्ये. अशा अरुंद फटीतून नाथ पैंनी देशातला सर्वांत मोठा घटनात्मक वाद सभागृहात आणला. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, कायदेपंडितांनी आपापली मते मांडली, सभागृहात पुन्हा पुन्हा चर्चा झाली. समाजवादी गोटातही एकमत नव्हते. ज्यांच्याशी जन्माचे नाते होते अशा माणसांशीही त्यांना याच मुद्द्यावर वाद घालावा लागला, आणि त्यांनी तो मैत्री न तोडता घातला.

विधेयक मंजूर झाले नाही. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा बरखास्त झाली तेव्हा तेही बुडाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी नाथ पै बेळगावात होते.

पुढचा भाग त्यांनी पाहिला नाही. त्याच वर्षी, १९७१ च्या नोव्हेंबरात, चोविसावी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने संसदेला तोच अधिकार दिला जो नाथ पै मागत होते. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपुढे हा प्रश्न पुन्हा आला. सात विरुद्ध सहा अशा मतांनी न्यायालयाने सांगितले : संसद घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. म्हणजे नाथ पैंचे म्हणणे मान्य झाले आणि त्याला एक कुंपणही पडले.

ते कुंपण पडले हे बरे झाले, असे माझे मत आहे. दोनच वर्षांनी आणीबाणी आली. संसद बहुमताने काय काय करू शकते आणि विरोधी बाकावरची माणसे तुरुंगात असताना ते सभागृह कसे होते, हे देशाने पाहिले. नाथ पैंचा संसदेवर जो विश्वास होता तो त्यांनी पाहिलेल्या संसदेवरचा होता, जिथे पंतप्रधान विरोधकांचे भाषण बसून ऐकत. ते १९७५ मध्ये असते तर काय म्हणाले असते यावर मी त्यांच्या नावाने बोलणार नाही. पण हा प्रश्न दहावीच्या मुलांपुढे ठेवण्यासारखा आहे. मुले त्यावर भांडतील, आणि भांडावेच. नाथ पैंची भाषणे वाचायची ती यासाठी. त्यांच्याशी सहमत व्हायलाच हवे असे नाही. त्यांच्या भाषणात समोरच्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे आधी नीट मांडलेले असते आणि मग त्याला उत्तर असते. आज चर्चा म्हणून जे आपल्या मोबाइलवर येते त्यात ही रीत शोधून सापडत नाही.

आता आपल्या वक्तृत्व स्पर्धांकडे वळते. शिक्षिका म्हणून मी खूप स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले आहे, त्यामुळे हे आतून सांगते.

नववीतली एक मुलगी व्यासपीठावर येते. वेणीला रिबन, हातात काही नाही, सगळे पाठ. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ इथून सुरुवात होते. दुसऱ्या मिनिटाला उजवा हात वर जातो, चौथ्या मिनिटाला आवाज चढतो, शेवटी चार ओळींची कविता, मग टाळ्या. भाषण कोणीतरी लिहून दिलेले असते. कधी सरांनी, कधी मामाने, अलीकडे कधी मोबाइलने. मुलगी हुशार असते, तिचे पाठांतर चोख असते, तिला पहिला क्रमांक मिळतो, चषक मिळतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. पण खाली उतरल्यावर मी एकदा अशाच एका मुलीला जवळ बोलावून विचारले, तुझ्या भाषणातला दुसरा मुद्दा मला पटला नाही, तू मला कसे पटवशील? ती गोंधळली. मग जरा विचार करून तिने स्वतःच्या शब्दांत, अडखळत, मध्येच गावाकडची बोली वापरत, उत्तर दिले. त्या उत्तरात पाठ केलेल्या सात मिनिटांपेक्षा जास्त जीव होता. तिच्या घरच्या बोअरवेलचे उदाहरण तिने दिले, आणि ते उदाहरण बिनतोड होते. हे सगळे तिच्याजवळ होतेच. आपली स्पर्धा ते विचारत नव्हती.

नाथ पैंच्या नावाने स्पर्धा घेणाऱ्यांना माझी विनंती आहे, नियम बदला. भाषण पाच मिनिटांचे ठेवा आणि त्यानंतर तीन मिनिटे प्रश्न ठेवा. प्रश्न परीक्षकांनी विचारावेत, किंवा स्पर्धकांनीच एकमेकांना विचारावेत. निम्मे गुण उत्तरांना द्या. विरुद्ध बाजूचे म्हणणे जो नीट सांगेल त्याला वेगळे गुण द्या. सुरुवातीला मुले बावरतील, पालक तक्रार करतील, कारण पाठांतराची तयारी घरी करून घेता येते, या तयारीसाठी मुलाला रोज जेवताना बोलू द्यावे लागते. दोन वर्षे कळ काढा.

भाषण मिळवायचे कसे, ही अडचण मला ठाऊक आहे, म्हणून तीही सांगते. लोकसभेतल्या चर्चेचा शब्दन्‌शब्द नोंदला जातो आणि छापला जातो. त्या जुन्या चर्चांचे खंड आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट वाचता येतात. पान शोधायला वेळ लागतो, छपाई जुनी आहे, काही ठिकाणी अक्षरे फिकट आहेत. पण १९६७ आणि १९६८ मधल्या घटनादुरुस्तीवरच्या चर्चा धरल्या तरी महिनाभराचे काम होईल. ही भाषणे बहुतांशी इंग्रजीत आहेत. त्यांचे मराठी भाषांतर हे आपल्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांचे काम आहे, आणि त्यांनी ते विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. एका विद्यार्थ्याला दोन पाने द्या. वकील मंडळींनी कायद्याचे शब्द तपासावेत. बेळगावात मराठी वकील काही कमी नाहीत, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्यामुळे घटनेची कलमे तर आपल्याकडे चहाच्या टपरीवरही निघतात. राज्याराज्यांतला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेणारे कलम १३१ आपल्याला पाठ आहे. कलम ३६८ही होऊ द्या.

हे काम कोणी एकाने डोक्यावर घेऊ नये. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. त्या काळी छापील पुस्तकच दुर्मीळ, तरी या शहराला वाचनालय हवे वाटले. ज्या शहरात नाथ पैंच्या नावाने व्याख्यानमाला चालते, तिथे त्यांची स्वतःची भाषणे एका मराठी पुस्तिकेत सहज हाती लागली पाहिजेत. व्याख्यानाला येणारा वक्ता बाहेरून येतो आणि जातो. पुस्तिका शाळेच्या कपाटात राहते.

खेड्यांतल्या संमेलनांबद्दल मला विशेष सांगायचे आहे, कारण त्यांचा मला अभिमान आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी. देशात अशी किती गावे असतील जी वर्गणी काढून, सरकारकडून काही न घेता, मांडव घालून साहित्य संमेलन भरवतात? ग्रंथदिंडीत डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, लेझीम खेळणारी मुले, पालखीत ज्ञानेश्वरी आणि घटना, मग दिवसभर पाहुण्यांची भाषणे, दुपारी सगळ्या गावाला जेवण, रात्री कवी आणि कथाकथन. यात एका तासाचे एक सत्र ‘संसदेतले मराठी’ या नावाने करा. गावातल्याच चार चांगल्या वाचकांनी नाथ पैंचे एक भाषण वाटून घेऊन वाचावे. एकाने सभापती व्हावे, एकाने मध्येच आक्षेप घ्यावा, कारण चर्चेच्या खंडात ते आक्षेपही छापलेले आहेत. पाहुणा बोलवायचा खर्च वाचेल, आणि गावातली माणसे मांडवात केवळ ऐकायला न बसता व्यासपीठावर येतील. बायकांना हे वाचन द्या अशी माझी खास सूचना आहे. स्वागतगीत आणि रांगोळी यांच्यापुढे आम्हाला संमेलनात फारसे काम मिळत नाही.

कन्नड शेजाऱ्यांबद्दलही लिहायला हवे. काहींना ते आवडणार नाही.

या भाषणांचे कन्नड भाषांतरही व्हावे आणि कन्नड शाळांना, कन्नड वाचनालयांना ते पाठवावे, असे मला मनापासून वाटते. सीमाप्रश्नावर माझे मत इथल्या बहुतेक मराठी माणसांसारखेच आहे आणि नाथ पैंचे तर होतेच. ते झाकण्याचे कारण नाही. पण कूळकायदा, मूलभूत हक्क, संसद मोठी की न्यायालय, हे प्रश्न कन्नड शेतकऱ्याचेही आहेत. ज्या गंगाधरराव देशपांड्यांना कर्नाटक आपला सिंह म्हणतो, ते हुदलीचे, लोकमान्यांचे निष्ठावंत, आणि १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले ते त्यांच्याच पुढाकाराने. त्यांना आपण परके मानत नाही. मग नाथ पै कन्नड मुलाला परके का वाटावेत? आपण पुस्तिका पाठवावी. त्यांनी वाचली तर उत्तम. नाही वाचली तरी पाठवल्याचे समाधान राहील, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाठवावी. आपल्याच गल्लीत कन्नड, मराठी, कोकणी, उर्दू बोलणारी चांगली शिकलेली माणसे राहतात. भाषांतर तपासायला बाहेर जायची गरज पडणार नाही.

शहापूरच्या चौकात एक फलक हवा. नुसत्या नावाचा नको. जन्म, मृत्यू, ते कोण होते, बेळगावाशी त्यांचे नाते काय आणि त्यांचे विधेयक काय होते, हे आठ-दहा ओळींत मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. याचा अर्ज महानगरपालिकेकडे करावा लागेल आणि त्याला वेळ लागेल, पत्रव्यवहार होईल, ते सर्वांना माहीत आहे. म्हणून तो अर्ज आताच द्यावा, आणि सर्व पक्षांच्या, सर्व भाषांच्या नगरसेवकांच्या सह्या घेऊन द्यावा. पण फलक होईपर्यंत वाचन थांबवू नका. वाचनाला कोणाची परवानगी लागत नाही.

एक शंका मला नेहमी विचारली जाते, तिचे उत्तर देऊन टाकते. मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडताहेत, मुले इंग्रजी माध्यमात चालली आहेत, तरुण पुण्याला आणि बंगळूरला गेले आहेत, अशा वेळी पन्नास वर्षांपूर्वीची भाषणे वाचून काय होणार? शाळा टिकण्याचा आणि या वाचनाचा थेट संबंध मी जोडणार नाही. पण मराठी माध्यमात शिकून माणूस कुठवर जातो हे पालकाला दिसायला हवे, आणि दाखवायला आपल्याकडे जी नावे आहेत त्यांत हे नाव पहिल्या ओळीत आहे. मराठीत वाढलेला हा माणूस देशाच्या घटनेवर बोलला तेव्हा सत्ताधारी बाकही ऐकत होते. आपल्या शाळेच्या भिंतीवर चित्र लावायचे तर ते याचे लावा, आणि त्याखाली त्यांच्या भाषणातला एक परिच्छेद लिहा. वचन म्हणून कोणी चिकटवलेली, कुठून आली ते ठाऊक नसलेली ओळ नको. लोकसभेच्या नोंदीतला, तारीख घातलेला परिच्छेद हवा.

१८ जानेवारीच्या कार्यक्रमाचा मला सुचलेला आराखडा असा. संध्याकाळी सहाला सुरुवात. स्वागत आणि प्रास्ताविक मिळून दहा मिनिटे, त्याहून जास्त नको. पाहुण्यांचा परिचय लांबवू नये. शाल-श्रीफळ एकालाच द्यावे, आणि तो मान त्या वर्षी ज्याने भाषांतर केले त्या विद्यार्थ्याचा. मग तासभर वाचन. मग अर्धा तास खुली चर्चा, ज्यात बोलणाऱ्याने भाषणातल्या एखाद्या वाक्याला धरूनच बोलावे. चहा शेवटी. आदल्या दिवशी हुतात्मा चौकात आलेल्या तरुणांना तिथेच या कार्यक्रमाचे निमंत्रण द्यावे. हातात एक कागद द्यावा, त्यावर ठिकाण, वेळ आणि भाषणाचा पहिला परिच्छेद.

ज्या गावात वाचनालय नाही तिथे देवळाच्या सभामंडपात करा. शाळेत दिवसा करायचे असेल तर शेवटचे दोन तास घ्या. पहिल्या वर्षी वीस माणसे आली तरी कार्यक्रम झाला असे समजा.

भाषांतराच्या कामात मी स्वतः बसायला तयार आहे. शुद्धलेखन तपासणे, मुलांना वाचायला शिकवणे, कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली आणायचा हे सांगणे, एवढे माझ्याकडून नक्की होईल. निवृत्त शिक्षक आपल्या प्रत्येक गावात आहेत, त्यांनाही बोलवा. आम्हाला काम हवेच असते. कोणते भाषण कोणत्या गावाने घ्यायचे हे डिसेंबरात एकत्र बसून ठरवू, म्हणजे तेच भाषण दहा ठिकाणी वाचले जाणार नाही आणि पाच वर्षांत पुस्तिकेला पुरेल एवढा मजकूर तयार होईल. बैठकीला प्रत्येक संस्थेने दोन माणसे पाठवावीत, त्यांतला एक पंचविशीच्या आतला असावा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
शहापूर, बेळगाव